नळीने दूध चालू आहे, काल एक फीड थांबवलं. काळजीचं आहे का?

चिमणीची आई
मुलगी ३१व्या आठवड्यात झाली. आता ३३ आठवडे भरलेत, वजन १४०० ग्रॅम. तोंडातून घातलेल्या नळीने दर दोन तासांनी १२ मिली माझंच दूध देतात. काल पोट जरा फुगलं म्हणून एक फीड थांबवलं, मग पुन्हा सुरू केलं. तिला दूध पचत नाहीये का? आणि बोट दिलं की छान चोखते, तरी अंगावर का पाजू देत नाहीत?

रात्रपाळी
ताई, मी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, नर्स आहे. बोट चोखणं वेगळं आणि दूध पिणं वेगळं. पिताना चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ बसावा लागतो. तो साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास जमू लागतो. त्याआधी घाई केली तर दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं. म्हणून नळी. सिरिंज उंच धरून दूध आपसूक उतरू देतो, दट्ट्या दाबत नाही. त्या वेळी माझी नजर सिरिंजपेक्षा बाळाच्या ओठांच्या रंगावर जास्त असते.

आतड्यांची हालचाल अजून कच्ची असते, सीपॅप (नाकातून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारं यंत्र) असेल तर हवाही पोटात जाते. एखादं फीड थांबवून पुन्हा सुरू होणं आम्ही नेहमी बघतो. पण पोट ताठ होणं, हिरवी उलटी, शीमध्ये रक्त किंवा बाळ मलूल पडणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच हाक मारा, मध्यरात्र असली तरी. एनईसी हा आतड्यांचा गंभीर आजार अशाच खुणांनी सुरू होतो. आईच्या दुधाने त्याचा धोका कमी होतो, म्हणून दूध काढणं सोडू नका, रात्रीचंसुद्धा.

दोघांची आई
डॉक्टरांना कांगारू पद्धतीबद्दल, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून धरण्याबद्दल, नक्की विचार गं. मी दूध काढून झाल्यावर धाकट्याला छातीशी धरून रिकाम्या स्तनाला लावायचे. आधी नुसता चाटायचा. पण पुढे पाजायची वेळ आली तेव्हा तोंड बरोबर लावलं त्याने.

चिमणीची आई
आज राउंडला विचारते. कधीकधी पांढरी गुळणी येते, तेही सांगू का?

रात्रपाळी
सांगा. फाटलेल्या दुधासारखी थोडी गुळणी या बाळांना येतेच, जठराच्या तोंडाशी झडप सैल असते. हिरवी आली तर मात्र ते कापड धुवायला टाकू नका, तसंच डॉक्टरांना दाखवा.