नववीच्या मुलांना 'मिसइन्फर्मेशन', 'डिसइन्फर्मेशन' शिकवावं का?

लालबागचे मास्तर:
मराठी माध्यमाच्या शाळेत नववीला इंग्रजी शिकवतो. यंदा काही तास अफवा आणि कटकारस्थानांच्या चर्चेत लागणाऱ्या शब्दांना द्यायचं ठरवलंय: मिसइन्फर्मेशन, डिसइन्फर्मेशन, होक्स (मुद्दाम रचलेली थाप), डीबंक (खोटेपणा उघड करणं), स्केप्टिक, कॉन्स्पिरसी थिअरी. कॉलिन्स या इंग्रजी शब्दकोशाने २०१७ साली 'फेक न्यूज' हा वर्षाचा शब्द ठरवला आणि तेव्हापासून न पटणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर तोच शिक्का बसतो. १४ एप्रिल २०२० आठवा. लॉकडाउनमध्ये गाड्या सुटणार या आशेने हजारो मजूर वांद्रे स्टेशनबाहेर जमले होते. ऐकलेलं विश्वासाने पुढे सांगणारा मजूर आणि खोटं आहे हे माहीत असूनही ते पेरणारा माणूस, दोघांना एकाच मापाने मोजायचं का? पहिलं मिसइन्फर्मेशन, दुसरं डिसइन्फर्मेशन. मुलांना हा फरक कळायलाच हवा.

वैशाली, परळ:
माझा विरोध आहे. हे शब्द समजून घ्यायला कमी आणि समोरच्याला गप्प करायला जास्त वापरले जातात. १८९६ च्या प्लेगचं बघा. ऑक्टोबरात गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला, कारण आत नेलेल्या माणसाला मारून टाकतात अशी बोलवा होती. आज आपण सहज 'कॉन्स्पिरसी थिअरी' म्हणून मोकळे होऊ. पण त्याच महिन्यात रुग्णाला सक्तीने रुग्णालयात हलवायचा हुकूम निघाला होता, आणि आत गेलेले बरेचसे परत येत नव्हते. बोलवा खोटी होती, भीती खोटी नव्हती. तुमच्या यादीत त्या भीतीसाठी शब्द कुठाय?

दादरचा वाचक:
वैशालीताईंना जोड देतो. त्याच प्लेगवर लस काढणाऱ्या हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. लोकांना अडाणी म्हणण्यापेक्षा हे कितीतरी मोलाचं.

फोर्टमधला नोकरदार:
मी मास्तरांच्या बाजूने, पण एक भर घालून. कट खरेही असतात. १९९२ चा रोखे घोटाळा संगनमतानेच झाला होता, बँकांचा पैसा शेअर बाजारात वळवला गेला होता. पत्रकार सुचेता दलाल यांनी तो कागदपत्रांच्या जोरावर बाहेर काढला. म्हणून मुलांना 'कॉन्स्पिरसी' आणि 'कॉन्स्पिरसी थिअरी' वेगळं करून शिकवा. पुरावा पाहून मत बदलतो तो स्केप्टिक. उलट पुरावा दिला की 'बघा, तेही कटात सामील' म्हणतो, तो थिअरीवाला. असल्या दाव्याला खोटं ठरवायची सोयच ठेवलेली नसते, खरी मेख तिथे आहे.

मुलुंडची सून:
घरातलं सांगते. २०२० च्या सुरुवातीला कोंबडीमुळे कोरोना होतो असा मेसेज सासऱ्यांना आला. माझा मुलगा म्हणाला, 'आजोबा, फेक आहे.' त्यांनी फोन उलटा ठेवला आणि पेपर उघडला. संध्याकाळी मी विचारलं, 'बाबा, हे पाठवलं कोणी? त्यांना कुठून आलं?' त्यांनी स्वतःच त्या मित्राला फोन लावला. त्यालाही दुसऱ्या कोणीतरी पाठवलेलं. मग मी त्यांना व्हॉट्सॲप मेसेजवरचा दुहेरी बाण दाखवला, म्हणजे बऱ्याच हातांतून फिरून आलेला मेसेज. आता ते स्वतः बाण बघतात. एकही इंग्रजी शब्द लागला नाही.

लालबागचे मास्तर:
ताई, तुमचे प्रश्न जसेच्या तसे वर्गात घेतो. पण शब्द सोडणार नाही. उद्या कॉलेजात ही चर्चा इंग्रजीतच होणार, आणि तिथे आमची मुलं गप्प बसलेली मला बघवत नाहीत. सुरुवात माहीमपासून करीन. ऑगस्ट २००६ मध्ये समुद्राचं पाणी गोड झालं म्हणून लोक ते बाटल्यांत भरून नेत होते, पीत होते. पावसाळ्यात खाडीत येणारं गोडं पाणी, त्यातली घाण, पालिकेचा इशारा, सगळं मुलांपुढे ठेवतो. पाणी पिणाऱ्यांना आधी प्रश्न काय विचाराल, ते मुलांनीच लिहायचं. शब्द त्यानंतर.

वैशाली, परळ:
हा क्रम मला चालेल. विरोध निम्मा मागे घेते. उरलेला निम्मा परीक्षेपुरता: हे शब्द 'जोड्या लावा'मध्ये घालू नका. मुलांना एखादा खरा मेसेज द्या आणि पाठवणाऱ्याला उत्तर लिहायला सांगा. उत्तर वाचून तो माणूस पुढे बोलायला तयार होईल का, यावर गुण द्या.