आतल्या बाजूला जागा कमी असलेल्या एसयूव्हीला कोणती स्नो चेन?

धागाकर्ती
थंडी पडली की कॅलिफोर्नियातल्या बे एरियातली बरीच मराठी मंडळी आय-८० नाहीतर यूएस-५० महामार्ग धरून टाहो तळ्याकडे निघतात, आणि बर्फात टायरवर चढवायच्या चेनची आठवण होते ती चेन कंट्रोलची (चेन लावा असं सांगणारी) पाटी दिसल्यावर. दुकानातल्या तक्त्यात टायरचं माप जुळतं, पण चेन आतून स्ट्रटला (चाकामागच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि स्प्रिंगच्या खांबाला) घासते, ही तक्रार नेहमीची आहे. जाणकारांनी लिहावं. प्रवासवर्णन नको, आकडे हवेत.

नटबोल्ट
सुरुवात गाडीच्या मॅन्युअलपासून. तिथे 'क्लास एस' लिहिलं असेल तर तो चेनचा प्रकार नव्हे, टायरभोवतीच्या किमान जागेचं माप आहे: ट्रेडसमोर (टायरचा रस्त्याला टेकणारा भाग) ३७ मिमी आणि आतल्या साइडवॉलजवळ (टायरची बाजूची भिंत) १५ मिमी. क्लास यू म्हणजे ५० आणि २३. एसयूव्ही दिसायला दांडगी, म्हणून तिला जाड साखळी चालेल असं समजू नका. आजच्या बहुतेक क्रॉसओव्हर (कारच्या साच्यावर बांधलेल्या एसयूव्ही) एस मध्येच मोडतात. आणि 'या टायरवर चेन वापरू नये' असं छापलेलं असेल, तर आपल्या मापाने ते खोटं ठरत नाही.

मोजायचं असं: गाडी सपाट जागी उभी करा, स्टिअरिंग आधी पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे. टायरच्या वरच्या आतल्या कडेला स्ट्रटची स्प्रिंग-सीट सर्वांत जवळ येते. ८, १०, १२ मिमीच्या अ‍ॅलन की एकेक सरकवून बघा. ब्रेकचा होज आणि एबीएस सेन्सरची वायर कुठून जाते तेही पाहा, कारण सुटी कडी आधी तीच तोडते. जॅकवर उचलून मोजू नका. चाक खाली लोंबतं आणि नसलेली जागा दिसते.

गोदाकाठ
भर घालतो. टायर बदललेले असतील तर मॅन्युअलचा शब्द संपला. २२५/६५ आर १७ च्या जागी २३५/६५ आर १७ घातला, तर त्याच रिमवर प्रत्येक बाजूने साधारण ५ मिमी आणि त्रिज्येत साडेसहा मिमी जागा जाते. मुळात १५ मिमीच असेल तर उरलं काय? चेनही नव्या मापाचीच घ्यावी लागते. टायरवरचे तिन्ही आकडे (रुंदी, उंचीचं प्रमाण, रिम) जुळायला हवेत.

हिमगौरी
प्रकारांबद्दल. शिडीसारख्या आडव्या पट्ट्यांची स्वस्त साखळी अशा गाड्यांसाठी विसरा. उरतात तीन.

तिरप्या केबलची 'सुपर झेड ६' सारखी चेन: निर्माता पाव इंच, म्हणजे सहा मिमीच्या आसपास जागा पुरेशी सांगतो. रबरी ताण अंगचाच असतो. मापात बसत असेल तर माझं मत हिलाच.

७ किंवा ९ मिमी कड्यांची डायमंड चेन (ट्रेडवर चौकटीची जाळी पडते ती): बर्फावर पकड चांगली, पण टायरच्या मागे रिंग जाते. मिमीचा आकडा ट्रेडवरच्या जाडीचा असतो. आतली रिंग आणि तिचे जोड किती बाहेर येतात ते वेगळं बघा.

कोनिगची 'के-समिट': चाकाच्या एका नटावर बाहेरून बसते, टायरमागे काहीच जात नाही. महाग आहे, पण आत बोटही जात नसेल तर धातूत हाच मार्ग.

बाभळीचा काटा
कापडी मोजे राहिले! ऑटोसॉकला आत जवळजवळ जागा लागत नाही. वरून अर्धा चढवायचा, गाडी अर्धा फेरा पुढे घ्यायची, उरलेला ओढायचा.

हिमगौरी
मुद्दाम वगळले. कॅलिफोर्नियात चालतात, मान्य. पण आय-८० वरच्या डॉनर समिट घाटात एक वळण बर्फाचं, पुढचं उघड्या डांबराचं. डांबरावर कापड झपाट्याने फाटतं. चारही चाकांना स्नो टायर असलेल्या एडब्ल्यूडीला (चारही चाकांना ताकद जाणारी गाडी) आर-२ मध्ये, म्हणजे चेन कंट्रोलच्या दुसऱ्या पातळीत, सूट असते, फक्त चेन सोबत हवी. तेवढ्यापुरते मोजे ठीक. आर-३ ला, म्हणजे सर्वांत कडक पातळीत, सूट कुणालाच नाही, पण बहुतेकदा त्याआधी रस्ताच बंद करतात.

नटबोल्ट
बसवताना: गाडी पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला. आतली रिंग टायरमागून वर जोडली की हात फिरवून पीळ तपासा. बसवण्यासाठी टायरची हवा कमी करू नका. शंभर-दोनशे मीटर जाऊन थांबा, पुन्हा ताणा, उरलेलं टोक बांधा. लोंबतं टोक फेंडर लायनर (चाकावरचं प्लास्टिकचं अस्तर) फाडतं. वेग पाटीप्रमाणे, ताशी २५-३० मैल. 'टक-टक' आवाज आला की तिथेच थांबा. चेन कंट्रोलजवळचे परवानाधारक इन्स्टॉलर पैसे घेऊन बसवून देतात, पण त्यांना चेन विकायची किंवा भाड्याने द्यायची परवानगी नाही.

पाटीवाला
एडब्ल्यूडीला चेन पुढच्या चाकांना की मागच्या?

गोदाकाठ
मॅन्युअल म्हणेल तिथे. बहुतेक क्रॉसओव्हरमध्ये पुढे. उतारावर ब्रेक मारला की मोकळं मागचं टोक बाजूला सरकतं, म्हणून मॅन्युअल परवानगी देत असेल तर चारही चाकांना. मागची जागा मात्र वेगळी मोजा. तिथे स्ट्रट नसला तरी कंट्रोल आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा दांडा) आडवा येतो.