मदत हवी आहे : तानपुऱ्याचा गंधार रंगात कसा आणावा?

मी सांगलीत राहतो आणि हौसेने अ‍ॅक्रिलिक रंगांत चित्रे काढतो. मिरजेच्या तंतुवाद्यांच्या गल्लीत एका कारागिरांना जवारी लावताना (म्हणजे तारेचा नाद खुलवताना) पाहिल्यापासून तानपुऱ्यावर एक अमूर्त चित्र करावे, असे मनात आहे. घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) आणि तार यांच्यामध्ये त्यांनी दोरा केसभर सरकवला आणि बोदा वाटणारा आवाज एकदम उमलला. शिवाय खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या ‘सा’च्या तारेतून, कोणीही न छेडलेला गंधार (‘ग’ हा स्वर) स्पष्ट ऐकू येऊ लागला. मला भोपळा किंवा दांडी दाखवायची नसून हा न वाजवलेला स्वरच दाखवायचा आहे.

दोन बाय तीन फुटांच्या कॅनव्हासवर मी मास्किंग टेप लावून तानपुऱ्याच्या चार तारांसाठी चार उभ्या रेषा काढल्या. परंतु त्या विजेच्या तारांसारख्या दिसतात (घरच्यांचे मतही तेच पडले). त्यानंतर गंधारासाठी केशरी पट्टा दिला, तर तो वरून चिकटवल्यासारखा वाटतो. तो रंग थेट न लावता, खालचा पिवळा आणि वरचा पातळ तांबडा यांच्या पारदर्शक थरांतून आपोआप उमटावा, अशी माझी कल्पना आहे.

अ‍ॅक्रिलिक लवकर वाळत असल्यामुळे थरांच्या कडा कडक राहतात. त्या विरघळत्या ठेवण्यासाठी कोणते माध्यम मिसळावे, की या कामासाठी सरळ तैलरंगच घ्यावेत? आणि चार तारांची जाणीव रेषांशिवाय कशी देता येईल? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.