वादग्रस्त प्रदेश की विवादित? आणि कार्यक्रम ‘रद्द’ नक्की कोण करतं?

जुळेसोलापूरकर
एका मासिकासाठी लेख मराठीत आणतोय. विषय असा : ज्या भूभागाच्या मालकीवरून भांडण आहे, तिथले ठरलेले कार्यक्रम गायक-वादक का सोडून देतात. पहिलंच उदाहरण जेनिफर लोपेझचं. जुलै २०१० मध्ये उत्तर सायप्रसमधल्या एका नव्या हॉटेलात तिचा कार्यक्रम होता. सायप्रसच्या ग्रीकभाषकांनी ऑनलाइन मोहीम उघडली आणि तिने कार्यक्रम रद्द केला. मी लिहिलं, ‘वादग्रस्त प्रदेशातला कार्यक्रम’. संपादक मॅडमनी ‘वादग्रस्त’वर काट मारून ‘विवादित’ केलं. म्हणे वादग्रस्त माणूस असतो, विधान असतं, जमीन नसते. मला ‘विवादित’ वाचलं की हिंदी बातम्या लागल्यासारखं वाटतं. आज संध्याकाळपर्यंत मजकूर द्यायचाय. काय ठेवू?

कडकभाकरी
विवादित मराठी नाही. विषय संपला. १९९२ साली हिंदीवाले ‘विवादित ढांचा’ म्हणत होते, तेव्हा आपल्याकडे ‘वादग्रस्त वास्तू’च म्हणत होते. वास्तू चालते तर जमिनीने काय पाप केलंय?

शारदा_अक्का
‘विषय संपला’ म्हणणाऱ्यांचा विषय कधी संपलेला पाहिला नाही. पुष्पित, पल्लवित, तसंच विवादित. घडणीत खोट नाही. आता ग्रस्त म्हणजे गिळलेला. चंद्र ग्रहण लागलेलाच उगवला तर पंचांगात ‘ग्रस्तोदित’ लिहितात. हे सोलापुरात सांगायला नको, दाते पंचांग तुमच्याच गावचं. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, धरणग्रस्त, सगळीकडे ग्रस्ताला भोगावं लागतं. वादाने गिळलेला मुलूख, अर्थ चपखल आहे.

कडकभाकरी
अक्का, मग तुम्ही कोणत्या बाजूला?

शारदा_अक्का
घडण विवादितची चांगली, अर्थ वादग्रस्तचा. बाजू घ्यायला मी काय निवडणुकीला उभी आहे?

बेलीफ_निवृत्त
कोर्टाच्या मराठीत दोन्ही नाहीत. तिथे ‘दावा मिळकत’. फार तर ‘वादातील मिळकत’. आणि ‘वादातील’ लिहिताना जपा. एका ताबा पावतीत टायपिस्टने ‘ल’च्या जागी ‘त’ मारला आणि झालं ‘वादातीत मिळकत’. म्हणजे जिच्याबद्दल वादच नाही अशी! समोरच्या वकिलाने तो कागद उंच धरून वाचून दाखवला. साहेबही हसले. कागद मात्र परत करून आणावा लागला, आणि पायपीट माझी.

मागवाला
दादा, तुमचं वाक्य मी पुरतं जुळवून बघितलं : ‘वादग्रस्त गायिकेने वादग्रस्त प्रदेशातला वादग्रस्त कार्यक्रम रद्द केला.’ तिन्ही ठिकाणी अर्थ वेगळा. तुमच्या मॅडमचा मुद्दा अगदीच सोडून देण्यासारखा नाही बे.

शुद्धलेखनप्रेमी
मूळ दुखणं कुणी बघतच नाही. ‘रद्द’ हा शब्दच परका, अरबी. ‘निरस्त केला’ लिहावं.

मागवाला
निरस्त? आमच्या अशोक चौकात जाऊन म्हणा, ‘कार्यक्रम निरस्त झाला’. लोक विचारतील, कुणाला कुठं दाखल केलंय?
माझ्या घरात तेलुगू, शेजारी कन्नड, कारखान्यात उर्दू, शाळा मराठी. तेलुगूत ‘रद्दु चेसारु’, कन्नडात ‘रद्दु माडिदरु’, उर्दूत ‘रद्द’. या गावात चार घरी एकसारखा चालणारा शब्द तुम्हाला परका वाटतो, आणि दिल्लीच्या सरकारी फायलीतला ‘निरस्त’ आपला?

शारदा_अक्का
रद्द अरबीच, पण ‘रद्दी’ही त्याच मुळातली. शुद्धलेखनप्रेमी दर महिन्याला पेपर कशात देतात ते विचारायला हवं.

शुद्धलेखनप्रेमी
टिंगल करून शब्द शुद्ध होत नाहीत.

तबलजी_विजापूरवेस
मला ‘रद्द’ची अडचण नाही, पुढच्या क्रियापदाची आहे. ‘रद्द केला’ की ‘रद्द झाला’? आमच्या धंद्यात सगळं भांडण इथेच होतं, कारण पैसे याच्यावर ठरतात.

डिसेंबर २०२२ ची गोष्ट. इंडी तालुक्यातल्या एका गावी आमचा भजन-भावगीतांचा कार्यक्रम होता. सुपारी ठरलेली, इसार म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली. (आजकाल सुपारी म्हटलं की लोक मुडदा शोधतात, म्हणून सांगतो, आमच्यात सुपारी म्हणजे कार्यक्रमाचा ठराव.) त्याच आठवड्यात सीमाप्रश्न पेटला, बेळगावकडे आपल्या गाड्यांवर दगड पडले, एसटीने कर्नाटकातल्या फेऱ्या थांबवल्या. जीपवाला म्हणाला, एमएच तेराची पाटी घेऊन मी तिकडे येत नाही. हार्मोनियमवाल्याच्या आईने त्याला उंबऱ्याबाहेर पडू दिलं नाही. मी फोन केला, ‘अण्णा, कार्यक्रम रद्द झाला.’ तिकडून अण्णा म्हणतात, ‘झाला नाही, तुम्ही केला. मांडव घातलाय, माईक आलाय. इसार परत पाठवा.’ त्यांच्या गावात कुणी दगड उचलला नव्हता, हेही खरं. आम्ही गेलो नाही हेही खरं. दोन्ही वाक्यं कन्नडात सुनावली त्यांनी मला, ‘रद्दायितु’ वेगळं, ‘रद्दु माडिदिरि’ वेगळं.

आता लेखातली मंडळी बघा. लोपेझचं ‘रद्द केला’, तिच्या बाजूने तसं निवेदनच आलं. पण ऑक्टोबर २०१५ मध्ये पाकिस्तानी गझलगायक गुलाम अलींचा मुंबईतला, षण्मुखानंदमधला कार्यक्रम? तो शिवसेनेच्या इशाऱ्यानंतर आयोजकांनी काढून घेतला. गायक यायला तयार होता. पुढे जानेवारी २०१६ मध्ये ते कोलकात्यात गायलेच. आणि आपण सरसकट म्हणतो काय, ‘गुलाम अलींचा कार्यक्रम रद्द झाला’. ‘झाला’ म्हटलं की कर्ता पडद्यामागे.

जुळेसोलापूरकर
हे कामाचं आहे. पण मुंबई वादग्रस्त प्रदेश नाही, त्यामुळे ते उदाहरण लेखात बसणार नाही. माझा प्रश्न वादग्रस्त/विवादितचा होता.

कडकभाकरी
तबलजी, ‘रद्द’पेक्षा ‘माघार’ लिहायला सांगा त्यांना. आधी होकार देऊन मग पाय मागे घेतला ती माघार. मुळात होकारच दिला नाही तो नकार. सन सिटीचं प्रकरण नकाराचं. वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेने १९७७ मध्ये बोफुथात्स्वाना नावाचं ‘स्वतंत्र राष्ट्र’ उभं केलं, तुकड्या-तुकड्यांत विखुरलेलं, आणि जगाने त्याला मान्यता दिली नाही. १९७९ मध्ये तिथे सन सिटी हे हॉटेल निघालं. पैसा मजबूत. क्वीन हा बँड १९८४ मध्ये तिथे वाजवून आला तर ब्रिटनच्या वादक संघटनेने त्यांना दंड केला. १९८५ मध्ये अमेरिकन गिटारवादक स्टीव्हन व्हॅन झँटने कलाकार गोळा करून ‘तिथे वाजवणार नाही’ अशी उघड भूमिकाच घ्यायला लावली. ही माघार नाही, रद्द नाही. बहिष्कार.

बेलीफ_निवृत्त
पण तो प्रदेश वादातला कुठे? जमीन कुणाची यावर दोन देशांचं भांडण नव्हतं, राज्यच बनावट होतं. उत्तर सायप्रसचं तसं नाही. १९७४ मध्ये तुर्कस्तानचं सैन्य उतरलं, १९८३ मध्ये वेगळं राष्ट्र जाहीर झालं, मान्यता एकट्या तुर्कस्तानची. दुसऱ्या बाजूला विचाराल तर ते ‘वादग्रस्त’ म्हणणारच नाहीत, ‘बळकावलेला’ म्हणतील. कब्जेदार आणि मालक, आमचा जुनाच खटला. तुम्ही ‘वादग्रस्त’ लिहिलंत की कब्जेदाराला अर्धा दावा देऊन टाकलात.

शारदा_अक्का
आणि ‘बळकावलेला’ लिहिलं की निकालच दिला. अनुवादकाने निकाल देऊ नये.

तबलजी_विजापूरवेस
काश्मीर विसरू नका. सप्टेंबर २०१३, श्रीनगरची शालिमार बाग, झुबिन मेहता बव्हेरियाचा वाद्यवृंद घेऊन आले. फुटीरवाद्यांनी बंद पुकारला, त्याच वेळेला शहरात दुसरा, निषेधाचा कार्यक्रम झाला. मेहतांनी रद्द केलं नाही, वाजवून गेले. न सोडणाऱ्यांसाठी तुमच्या लेखात शब्द आहे का?

मागवाला
सगळे सायप्रस, काश्मीर फिरून आलात. घरचं बघा की. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी सोलापूर-अक्कलकोटवर हक्क सांगितला. सीमावादासाठी महाजन आयोग १९६६ मध्ये नेमला, पुढच्या वर्षी त्याचा अहवाल आला, त्यातही अक्कलकोट कर्नाटकाला द्या असंच होतं. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात. मग हुतात्मा स्मृती मंदिरात नाटक लागतं ते वादग्रस्त प्रदेशात लागतं का?

कडकभाकरी
कोण म्हणतो सोलापूर वादग्रस्त?

मागवाला
तेच म्हणतोय मी. शब्द सायप्रसला लावताना कुणाचं काही गेलं नाही, आपल्याला लावला की लगेच भाकरी कडक झाली.

शुद्धलेखनप्रेमी
बेळगावसाठी आपण ‘सीमाभाग’ म्हणतोच. ‘वादग्रस्त’ कधीच म्हणत नाही. सायप्रसलाही सीमाभाग म्हणा.

शारदा_अक्का
सीमाभाग म्हणजे ‘आमचा, पण त्यांच्याकडे राहिलेला’. कन्नडात त्यालाच ‘गडि’ म्हणतात, ‘गडि विवाद’. त्यांचा ‘विवाद’ आपल्याला कळतो, आपला ‘सीमाभाग’ त्यांना खुपतो. सायप्रसला नाही चालणार हा शब्द.

जुळेसोलापूरकर
म्हणजे विवादितच ठेवू? मॅडमचा दोनदा फोन येऊन गेला.

बेलीफ_निवृत्त
तबलजी, एक राहिलं. ‘इसार’ की ‘विसार’? आमच्याकडे साठेखतात ‘विसार’ लिहायचे.

तबलजी_विजापूरवेस
बोलताना इसार. कागदावर दोन्ही वाचलेत.

कडकभाकरी
विसार अशुद्ध. ‘विसरणे’वरून आला असणार, घेणारा विसरतो म्हणून.

शारदा_अक्का
ही व्युत्पत्ती तुम्ही आत्ता बसल्याजागी केलीत.

कडकभाकरी
केली. चुकीची आहे हे सिद्ध करा.

बेलीफ_निवृत्त
सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर असते, साहेब. बाकी त्या इंडीच्या अण्णांचा इसार परत गेला का?

तबलजी_विजापूरवेस
अर्धा. मी म्हणालो झाला, ते म्हणाले केला, शेवटी अर्ध्यावर तोडलं. उरलेल्या अर्ध्यात पुढच्या वर्षी जाऊन वाजवायचं ठरलं होतं. तारीख अजून लागायचीय.

शुद्धलेखनप्रेमी
तारीखही अरबी.