फंक्शन कॉल ट्रेस करणे: माग, अनुरेखन की आणखी काही?

फोंडेकरीण
आमच्या फोंड्यातल्या मुलांसाठी मराठीतून टिपण लिहितेय. विषय एलट्रेस. कम्पाइल केलेला प्रोग्राम चालू असताना लायब्ररीतल्या (तयार फंक्शनांच्या साठ्यातल्या) कोणत्या फंक्शनला हाक मारतो, काय देतो, काय परत घेतो, हे टर्मिनलवर ओळीने दाखवणारं साधन. मथळा दिला ‘फंक्शन कॉलचा माग काढणे’. टिपण तपासणाऱ्या सहकाऱ्यांनी ‘माग’ खोडून ‘अनुरेखन’ केलं. म्हणाले, माग चोराचा काढतात. मला तर अनुरेखन म्हटलं की ट्रेसिंग पेपरवरचा नकाशाच दिसतो. जाणकारांनी सांगावं, छापायला द्यायचं आहे.

जुना मास्तर, म्हापसा
बाय, तुमचाच शब्द ठेवा. अनुरेखन म्हणजे असलेल्या रेघेवरून पुन्हा रेघ ओढणे. इथे रेघ आहेच कुठे? माग आला मार्गावरून आणि संस्कृतातला मार्ग मृगावरून: जनावर गेलं ती वाट. ‘मागणे’ही त्याच घरातलं, मूळ अर्थ शोधणे. चोर त्यात फार उशिरा शिरला.

सत्तरीकर
मास्तरांना दुजोरा. पावसाळ्यात बागायतीत रानडुक्कर शिरलं की आमचे आजोबा सकाळी चिखलातले खूर बघत ओहोळापर्यंत जायचे. त्याला ते माग ‘घेणे’ म्हणत. कुणी ‘काढणे’ म्हटलं तर दुरुस्त करायचे.

वेर्ण्याचा कोडवाला
घ्या किंवा काढा, दोन्ही गोष्ट घडून गेल्यावरच्या. डुक्कर गेलं, खूर उरले. एलट्रेस मागून येत नाही. प्रोग्राम तो स्वतःच सुरू करतो, नाहीतर ‘उणे पी’ हा पर्याय देऊन चालू प्रोसेसला जोडला जातो. मग पीट्रेस या, एका प्रोसेसला दुसरीवर नजर ठेवू देणाऱ्या लिनक्सच्या सोयीच्या आधाराने पीएलटी नावाच्या तक्त्यात ब्रेकपॉइंट, म्हणजे थांबे, रोवतो. बाहेरच्या लायब्ररीकडे जाणारे कॉल त्या तक्त्यातून जातात. आपला पत्रादेवीचा नाका डोळ्यांपुढे आणा. राज्याबाहेर जाणारी गाडी थांबवली, नंबर लिहिला, सोडली. पणजीहून म्हापशाला गेलेली गाडी त्या वहीत सापडणार नाही. म्हणून प्रोग्रामच्या पोटातली फंक्शनं एकमेकांना कितीही हाका मारोत, साध्या एलट्रेसला पत्ता लागत नाही. ती हवीत तर ‘उणे एक्स’ हा पर्याय, तेही बायनरीतली (कम्पाइल झालेल्या फाइलीतली) फंक्शनांची नावं स्ट्रिप केलेली, म्हणजे काढून टाकलेली, नसतील तर. लायब्ररी स्टॅटिक, म्हणजे प्रोग्रामच्या फाइलीतच, जोडलेली असेल तर नाकाच नाही, वही कोरी. मॅन्युअलमध्येही क्रियापदं हीच आहेत, अडवणे आणि नोंदवणे. सरळ ‘कॉल-नोंद’ म्हणा.

फोंडेकरीण
कोऱ्या वहीवरून विचारते. मुलांच्या नव्या लिनक्सवर डायनॅमिक, म्हणजे लायब्ररी बाहेर ठेवणारी, बायनरी चालवली तरी वही कोरीच येते.

वेर्ण्याचा कोडवाला
हल्ली लिनक्सच्या बऱ्याच डिस्ट्रो (आवृत्त्या) बाइंडिंग, म्हणजे लायब्ररीतल्या फंक्शनांचे पत्ते जुळवणं, सुरुवातीलाच उरकून टाकतात आणि त्याबरोबर पीएलटीची वाटही बदलते. लिंकरला ‘उणे झेड लेझी’ सांगून पुन्हा कम्पाइल करून बघा, बहुधा ओळी दिसतील.

पर्वरीची भाषांतरकार
नोंद म्हणजे लॉग. लॉग आणि ट्रेस यांची सरमिसळ करू नका, नंतर दोन्ही शब्द एकाच पानावर आले की पंचाईत होते. आणि ‘कॉल’ तसाच का ठेवलात? ‘आवाहन’ घ्या. चतुर्थीला आपण आवाहन करतो, मग विसर्जन. कॉल आणि रिटर्नची जोडी आयतीच मिळते.

जुना मास्तर, म्हापसा
जोडी देखणी आहे, पण रिटर्नमध्ये किंमत हातात परत येते. विसर्जनात परत येण्याचा अर्थ नाही. आणि हाक हा रोजचा शब्द असताना आवाहन कशाला?

फोंडेकरीण
परत येणारी किंमत हाच तर मुलांचा आवडीचा भाग. कमांड लाइनवर ‘पणजी’ हा शब्द देऊन छोटा प्रोग्राम एलट्रेसखाली चालवला, तर स्ट्रलेन या लांबी मोजणाऱ्या फंक्शनच्या ओळीत बरोबरच्या चिन्हापुढे १२ आले. तीन अक्षरं द्यावीत तर बारा कशी, म्हणून मुलं चक्रावली. कंसात ‘प’च्या जागी ३४०, २४४, २५२ असे अष्टमान आकडे होते. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, ‘जी’ची वेलांटी धरून चिन्हं चार, हे त्यांनी त्या एका ओळीवरून स्वतः शोधलं. म्हणून मला मराठी शब्दही त्यांना वापरावासा वाटेल असा हवा आहे.

पेडण्याहून
मुलं काय म्हणतात ते विचारलंत का? आमच्याकडे ‘ट्रेस मारून बघ’ म्हणतात. चावी, पगार, घमेलं, फीत पोर्तुगिजांकडून घेतली तेव्हा भाषा बुडाली नाही. ट्रेसनेही बुडणार नाही.

पर्वरीची भाषांतरकार
चावी आली तेव्हा वस्तूबरोबर नाव आलं. माग मराठीत होताच. असलेला शब्द टाकून देणं ही उसनवारी नव्हे, विस्मरण आहे. ‘कम्पाइल्ड’लाही ‘संकलित’ आहेच.

पेडण्याहून
संकलित म्हणजे गोळा केलेलं. कम्पायलर गोळा काय करतो? तो तर सोर्सचं यंत्रभाषेत भाषांतर करतो!

वेर्ण्याचा कोडवाला
इथे मात्र मी भाषांतरकार बाईंच्या बाजूने. अमेरिकेच्या संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांनी १९५२मध्ये ए-० हा कम्पायलर केला, तो टेपवर साठवलेली सबरूटीनं गोळा करून जुळवायचा. नाव त्यावरूनच पडलं. काम पुढे बदललं, नाव राहिलं. संकलक हा शब्द इतिहासाला धरून आहे.

पेडण्याहून
इतिहासाला धरून असेल, पण आज ते ऐकणारा मुलगा कवितासंग्रहाचा संपादक समजेल. शब्द आजच्या कामाला धरून हवा, हे नाक्याच्या वेळी तुम्हीच सांगत होता ना?

सत्तरीकर
माझं ‘घेणे’ की ‘काढणे’ तसंच राहिलं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती कुणाच्या हाताशी असेल तर ‘माग’खाली कोणतं क्रियापद दिलंय ते बघून लिहा.