शाळेत दसरा, भुलाबाई, पोळा: करायचे, पण कसे?

सातपुड्याखालची बाई
यावल तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मागच्या दसऱ्याला पोरांना सांगितलं, सोनं आणा. चौथीतला एक जण युरियाची गोणी भरून फांद्याच घेऊन आला. पाहिलं तर निम्मा आपटा नव्हताच, कांचन होता. कांचनाचं पान मोठं, लांबट. आपट्याचं लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंद. संध्याकाळपर्यंत सगळं व्हरांड्यात तुडवलं गेलं. झाडताना फार वाईट वाटलं.

वर्गात लेवा, कोळी, बौद्ध, पावरा, तडवी अशी सगळ्या घरची पोरं आहेत. सण शाळेत हवेतच, या मताची मी आहे. पण पान एकच आणा, ओळखून आणा. दसऱ्याच्या पाटीपूजनाला बसायचं की नाही, ते घरच्यांनी ठरवावं. आणि भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपली भुलाबाई असते, पोरींचा गाण्यांचा सण, ती शाळेत बसवा. गेल्या वर्षी बसवली होती. गाणी झाली की डबा कानाशी हलवून खाऊ ओळखायचा. तडवी घरच्या एका मुलीच्या डब्यातून बारीक खुळखुळ येत होती. फुटाणे? मुरमुरे? सगळे हरले. भाजलेल्या डांगराच्या बिया निघाल्या! त्या पोरीचा चेहरा अजून डोळ्यासमोर आहे.

केळीवाला, रावेर
ताई, राग मानू नका. निसर्गाचे सगळे धडे आमच्याच सणाला का? रस्ता रुंद करताना वडाची, निंबाची जुनी झाडं आडवी होतात तेव्हा कोणी शाळेत बोलत नाही. पोराने वर्षातून एकदा फांदी तोडली की तो दोषी. सण म्हणजे सढळ हात. मोजून एक पान द्यायचं, ते सोनं कसलं? आणि पाटीपूजन मर्जीवर सोडलं की पाच वर्षांत बंद पडेल.

धुळेकर
राज्यघटनेचं कलम २८ सांगतं, पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळेतही उपासनेला बसण्याची सक्ती करता येत नाही. मी बौद्ध घरचा. दुसरीत असताना पाटीवरच्या सरस्वतीला हळदकुंकू वाहायला नाही म्हणालो, तर माझं दप्तर वर्गाबाहेर ठेवलं गेलं. ताई, तुम्ही मर्जीवर सोडा म्हणता. पण सात वर्षांचं पोर एकटं उठून बाहेर जातं तेव्हा सगळा वर्ग त्याच्याकडे पाहतो. माझ्या मते पूजा शाळेत नकोच.

केळीवाला, रावेर
दादा, तुमच्यावर गुदरलं ते चूकच, त्याला दुसरा शब्द नाही. पण भुलाबाई म्हणजे तरी कोण? पार्वतीच ना. भुलोजी शंकर. ती चालते आणि सरस्वती चालत नाही, हा न्याय मला कळत नाही.

माहेर अमळनेर
आमच्या अमळनेरला साने गुरुजी १९२४ ते १९३० प्रताप हायस्कुलात शिकवत होते, वसतिगृह सांभाळत होते. माणूस मनातून भाविक. म्हणून तर १९४७ साली विठ्ठलाचं दार हरिजनांना उघडावं यासाठी पंढरपुरात उपोषणाला बसले. आपला देव आणि दुसऱ्याचा मान, दोन्ही एकाच मनात राहतात.

मला बोलायचंय पोळ्याबद्दल. लेकाच्या शाळेत पटांगणावर खरी बैलजोडी आणली, शेजारी स्पीकर लावला. बैल नुसते थरथरत होते, एकाने दावं तोडलं. त्यापेक्षा आदल्या दिवशी खांदमळणीला चार पोरं गोठ्यात न्या ना. जुवाने घट्टा पडलेल्या खांद्यावर हळद-लोणी चोळताना बैल मान खाली करतो, ते त्यांना पाहू द्या. बैलाचं काय मोल, ते तिथं कळतं.

सातपुड्याखालची बाई
केळीवाले भाऊ, भुलाबाईचं तुम्ही बरोबर धरलंत. मला एवढंच दिसतं की डब्यातला खाऊ ओळखायला कोणाला हात जोडावे लागत नाहीत. रस्त्याच्या झाडांचंही खरं आहे, ते मी वर्गात बोलेन. पण गोणीभर पान तुडवलं जाणं मला सढळपणा वाटत नाही.

धुळेकर दादा, उठून जाणाऱ्या पोराकडे वर्ग पाहतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. यंदा पाटीपूजन शाळा सुटल्यावर ठेवावं म्हणते. ज्यांना हवं ते थांबतील, बाकीचे रोजच्यासारखे घरी जातील.

धुळेकर
खोली शाळेचीच, बाईही शाळेच्याच. माझा आक्षेप कायम आहे. पण दप्तर बाहेर ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

केळीवाला, रावेर
शाळा सुटल्यावर? मला नाही पटत. माझ्या गावच्या शाळेत असं ठरलं तर पालकसभेत उभा राहून विरोध करेन. पण ताई, माझ्या बांधावर खरा आपटा आहे. शेंगा वाळल्या की पिशवीभर पाठवतो. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून मग लावा, कोरडं टाकलं तर उगवायला फार दिवस घेतं.