शिक्षण परिषद होते, पण मुलांबद्दल बोलणं कधी होणार?

खडू_फळा:
नमस्कार मंडळी. जूनपासून माझ्याकडे प्रभारी मुख्याध्यापकाचा चार्ज आलाय. जि.प. शाळा, पहिली ते पाचवी, आम्ही तीन शिक्षक आणि त्यात सगळ्यात लहान मी, त्यामुळे बाकीचे दोघं 'मुख्याध्यापक साहेब' म्हणतात ते पण हसूनच.
परवा मुलांच्या प्रगतीच्या वर्णनात्मक नोंदी बघत होतो तर दुसरीच्या निम्म्या वर्गाला एकच वाक्य, 'परिसरातील घटकांचे निरीक्षण करतो', मुलींनाही 'करतो'च. पीडीएफवरून उतरवलंय हे उघड आहे, आणि मीही इतकी वर्षं तेच केलंय, खोटं कशाला बोलू. त्यातली एक पोरगी वर्गात तोंड उघडत नाही, पण आहाराच्या वेळी लहानग्यांना रांगेत बसवते, कुणाला वाढायचं राहिलं ते बरोबर सांगते. हे कुठल्याच रकान्यात नाही. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत विषय काढावा म्हटलं तर तिथं परिपत्रक वाचन, चहा, फोटो, लिंक भरा, संपलं. सहकाऱ्यांना न दुखावता सुरुवात कशी करायची?

घाटावरचा_मास्तर:
अहो साहेब, नवीन शैक्षणिक धोरणात, म्हणजे २०२० च्या, शिक्षक आणि मुख्याध्यापकांना वर्षाला ५० तास प्रशिक्षण म्हटलंय. आमच्याकडे ते कसं होतं सांगू का, मोबाईलवर व्हिडिओ लावायचा, फोन ओट्यावर ठेवायचा नि भाजी निवडायची. प्रमाणपत्र येतं. वरून बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं, काम आहेच 😅

निवृत्त_केंद्रप्रमुख:
मास्तर, चेष्टा पुरे. खडूफळा, परिषदेची वाट बघू नका. शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास तिघं बसा आणि एकाच मुलाबद्दल बोला. अट एकच, ज्यानं त्यानं डोळ्यांनी काय पाहिलं तेवढंच सांगायचं, 'ढ आहे', 'लाजाळू आहे', 'घरचं लक्ष नाही' हे शब्द बंद. पहिलं मूल तुमच्या वर्गातलं घ्या आणि तुमचा फसलेला पाठ त्यांना बघायला बोलवा. त्यांच्या वर्गात कधी गेलात तर हातात वही नको, वही दिसली की माणूस तपासणीला आलाय असंच वाटतं. मी २ वर्षं वही घेऊन फिरलो, एकानंही मला खरी अडचण सांगितली नाही. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, कलम २९ मध्ये सर्वांगीण विकास आहेच, पण कलम दाखवून कुणी बदलत नाही.

अंगणवाडीची_ताई:
सर, तिघंच का बसताय? आहार शिजवणाऱ्या मावशींना पण बसवा ना. आमच्याकडं मदतनीस बाईला जेवढं पोर कळतं तेवढं मला पण नाही कळत, ती हात धुवायला नेते, नाक पुसते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडला बालशिक्षणाचं काम केलं तेव्हा गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली, कारण पोरं दिवसभर कुठं असतात ते त्यांनी आधी पाहिलं. मावशींना खुर्ची मात्र द्या, नाहीतर दारात उभ्या राहून बोलायच्या नाहीत.

खडू_फळा:
ताई, तुमचं ऐकलं. शनिवारी बसलो, विषय तीच पोरगी. मावशी म्हणाल्या, "डावीकडनं हाक मारली की वळत नाही ती, उजवीकडनं मारली की लगेच." आम्ही तिघं एकमेकांकडे बघत बसलो. वर्गात ती भिंतीला उजवा कान करून बसायची. दोन वर्षं आम्ही तिला लाजाळूच समजतोय. सोमवारी जागा बदलली, आज पाढा म्हणाली, हळू, पण म्हणाली. वर्गशिक्षक स्वतःच म्हणाले, पुढच्या शनिवारी माझ्या वर्गातला अमुक घेऊ.
आता कानाची तपासणी कुठं करायची? आरबीएसकेचं, म्हणजे मुलांची आरोग्य तपासणी करणारं सरकारी पथक येऊन गेलंय आमच्याकडे.

निवृत्त_केंद्रप्रमुख:
पुढच्या फेरीची वाट बघू नका. पथकाच्या डॉक्टरांना फोन करा, नंबर आशाताईंकडे मिळेल. आईला सोबत न्या, आणि बरोबर तुमच्यापैकी कुणीतरी जा.